जाब विचारण्याची सोय

मुलुंड पूर्वेला चिंतामणराव देशमुखांच्या नावाचे एक उद्यान आहे. लोकांच्या बोलण्यात त्याचे नाव बहुधा सी. डी. या आद्याक्षरांनीच येते, आणि हे सी. डी. कोण, हा प्रश्न सकाळच्या घाईत कुणाला पडत नाही. पडावा असे काही कारणही नसते. २०१९ च्या सप्टेंबरात मात्र तसे कारण घडले होते.

त्या वर्षी २४ सप्टेंबरला, मंगळवारी सकाळी, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांच्या मोबाईलवर निरोप आला की रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले असून पुढील सहा महिन्यांत प्रत्येकाला आपल्या खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. १९८४ साली सुरू झालेल्या या बँकेचे मुख्य कार्यालय भांडुपला होते. मुलुंड, भांडुप, घाटकोपरपासून अंधेरीपर्यंत निवृत्तांची पुंजी, दुकानदारांचे चालू खाते, गृहनिर्माण सोसायट्यांचा दुरुस्ती निधी असे सारे काही तिच्यात होते. शाखांची दारे अर्धी उघडी ठेवून कर्मचारी हात जोडत होते. ऑक्टोबरात मुलुंडच्या एका ठेवीदाराला हृदयविकाराने मृत्यू आल्याची बातमी आली. लोक फोर्टातल्या आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या रिझर्व्ह बँकेच्या दारात जाऊन घोषणा देऊ लागले. त्यांचा राग बँक चालवणाऱ्यांवर होताच, पण त्याहून अधिक तो ज्यांनी तिच्यावर नजर ठेवायची त्यांच्यावर होता. वर्षानुवर्षे तपासणी झाली, मग तुम्ही पाहिलेत काय, एवढेच त्यांना विचारायचे होते. कुणाला विचारायचे, हे मात्र कळत नव्हते.

ज्या रिझर्व्ह बँकेच्या दारात ही माणसे उभी होती, तिचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणजे उद्यानाच्या पाटीवरचे चिंतामणराव. बँकांची तपासणी करण्याचा अधिकार तिला मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आणि सत्तेवर असलेल्याला जाब कुठे व कसा विचारायचा, हा प्रश्न त्यांना पुढे आयुष्यभर पुरला.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगडाच्या पायथ्याजवळच्या, महाड तालुक्यातल्या नाते गावचा. वडील वकील. बालपण तळे-रोह्याकडे गेले आणि पुढचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात झाले. १९१२ च्या मॅट्रिकला पहिला क्रमांक आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मग केंब्रिज. तिथे त्यांनी निसर्गविज्ञान घेतले आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले. उद्यानाला नाव देणाऱ्यांना हे ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण योग जुळला खरा. १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेतही ते पहिले आले. एवढी पहिलेपणे सांगून झाली की चरित्रकार सहसा हात टेकतात, कारण अशा माणसाचे पुढचे आयुष्य आधीच ठरल्यासारखे वाटते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातली वीसेक वर्षांची नोकरी तशी ठरल्याप्रमाणेच झाली. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवांमध्ये ते होते, हा त्यातला ठळक प्रसंग.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ ला डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर. पुढल्याच वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेला भारताच्या शिष्टमंडळात ते होते. त्या परिषदेतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आली. हा भाग सगळीकडे लिहिला जातो. आमच्या दृष्टीने त्यांच्या गव्हर्नरपदाच्या काळातल्या इतर दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत.

एक म्हणजे जानेवारी १९४६ ची नोटाबंदी. युद्धकाळातला काळा पैसा बाहेर काढायचा म्हणून सरकारने वटहुकूम काढून ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. गव्हर्नर देशमुखांचे मत आधी घेतले गेले आणि ते प्रतिकूल होते. करबुडव्यांकडून यातून दहा कोटी रुपयेसुद्धा हाती लागतील की नाही याची त्यांना शंका होती, आणि हा उपाय कुठल्याही पूर्वदाखल्यात बसत नाही असेही त्यांना वाटत होते. सरकारने ते ऐकले नाही. पुढे हिशेब लागला तो असा: चलनातल्या अशा १४३.९७ कोटींच्या नोटांपैकी १३४.९ कोटींच्या नोटा १९४७ अखेरपर्यंत बदलून घेतल्या गेल्या, आणि परत न आलेल्या नोटा भरल्या फक्त ९.०७ कोटींच्या. गव्हर्नरचा अंदाज किती बरोबर ठरला हा मुद्दा गौण आहे. इंग्रज सरकारच्या नोकरीतल्या एका भारतीय अधिकाऱ्याने आपली शंका सरकारपुढे मांडली आणि ती बँकेच्या इतिहासात नोंदली गेली, म्हणून आज आपल्याला ती वाचता येते. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत बँकांपुढे ज्या रांगा लागल्या, त्यांत उभे राहिलेल्यांना १९४६ ची ही आकडेवारी कुणी सांगितली असती, तर त्यांनी निदान विचारले असते की यावेळी गव्हर्नरसाहेबांचे मत काय पडले. रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या हे रिझर्व्ह बँकेच्या अहवालातून कळायला २०१८ चा ऑगस्ट उजाडला.

दुसरी गोष्ट बँकांच्या देखरेखीची. युद्धाच्या दिवसांत लहानमोठ्या बँकांचे पेव फुटले होते आणि तितक्याच वेगाने त्या बुडतही होत्या. बुडाल्या की रिझर्व्ह बँकेकडे बोट दाखवले जाई, पण आत जाऊन वह्या पाहण्याचा पुरेसा अधिकार मात्र तिला नव्हता. १९४६ च्या वटहुकमाने तपासणीचा अधिकार आला आणि १९४९ च्या मार्चमध्ये बँकिंग कंपन्यांचा कायदा अमलात आला. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली होती. संशोधन विभाग १९४५ चा आणि मासिक बुलेटिन जानेवारी १९४७ पासूनचे, तेही त्यांच्याच कारकिर्दीतले. बँकेने आपले आकडे महिन्याच्या महिन्याला लोकांपुढे ठेवायचे ही रीत त्यातून पडली. सहकारी बँका या कायद्याबाहेर राहिल्या होत्या. त्या १ मार्च १९६६ ला आल्या, आणि आल्या त्याही अर्ध्याच. अर्धा कारभार सहकार निबंधकाकडे आणि अर्धा रिझर्व्ह बँकेकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसे झाले. भांडुपच्या बँकेत एकाच बांधकाम समूहाला दिलेली सुमारे ६,५०० कोटींची कर्जे हजारो बनावट खात्यांमागे लपवली गेल्याचे तपासयंत्रणांनी २०१९ मध्ये सांगितले. म्हणजे अधिकार होता, तपासणीही होती, पण वह्या मात्र खोट्या होत्या. ठेवीदारांचा प्रश्न इथेच अडला, कारण तपासणाऱ्याने काय तपासले हे विचारण्याची वाट कोणत्याच कायद्यात त्यांना सापडेना. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्यातून मिळाली. ज्यांची ठेव त्याहून मोठी, त्यांना उरलेली रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांनी, असे ठरले. सत्तरी ओलांडलेल्या ठेवीदाराला दहा वर्षांचा वायदा ऐकताना काय वाटले असेल, ते वेगळे लिहायला नको.

१९४९ च्या जूनअखेर देशमुख रिझर्व्ह बँकेतून बाहेर पडले आणि वर्षभरात केंद्रीय अर्थमंत्री झाले. यात एक विसंगती आहे, आणि तिच्याकडे त्यांच्या चाहत्यांचे लक्ष सहसा जात नाही. आधीचे अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला तो नियोजन आयोग हे समांतर मंत्रिमंडळ होऊ पाहते आहे, या तक्रारीवर. म्हणजे निर्णय मंत्रिमंडळाबाहेर होतात हीच मूळ तक्रार. देशमुख त्या आयोगाचे सदस्य होते आणि मथाईंच्या खुर्चीवर तेच बसले. सहा वर्षांनी तशीच तक्रार घेऊन त्यांनाही उठावे लागले.

या सहा वर्षांतली मोठी कामे थोडक्यात सांगता येतात. १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९ जानेवारी १९५६ ला आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला. २४५ विमा संस्था एका वटहुकमाने आल्या आणि त्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. ही दोन नावे मराठी घराघरात पासबुकांच्या आणि हप्त्याच्या पावत्यांच्या रूपाने शिरली. तेथे पैसा बुडत नाही ही भावना लोकांत रुजली तिच्या मुळाशी देशमुखांचे हे दोन निर्णय आहेत.

पण १९ जानेवारी १९५६ या तारखेकडे नीट पाहिले पाहिजे. त्याच्या तीनच दिवस आधी, १६ जानेवारीला, पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला होता. मुंबई पेटली. मोरारजी देसाईंच्या सरकारच्या पोलिसांनी आठवडाभर जागोजाग गोळीबार केला. त्याआधी नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाऊंटनला माणसे मेली होतीच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एकूण १०६ जण कामी आले, त्यांतले बहुसंख्य याच दिवसांत आणि याच शहरात. कुलाबा मतदारसंघातून निवडून आलेला देशाचा अर्थमंत्री त्याच आठवड्यात दिल्लीत बसून विमाधारकांना त्यांच्या पैशाच्या सुरक्षिततेचा दिलासा देत होता, आणि त्याच्या मतदारांच्या मुलखातल्या गिरणगावात प्रेते उचलली जात होती. चिंतामणरावांनी त्याच महिन्यात राजीनामा देऊ केला. नेहरूंनी आग्रह केला, अर्थसंकल्प तोंडावर होता, ते थांबले. फेब्रुवारीअखेरचा अर्थसंकल्प त्यांनीच मांडला. थांबायला नको होते असे म्हणणारे तेव्हाही होते आणि प्रस्तुत लेखकालाही तसेच वाटते. पाच-सहा महिने खिशात राहिलेल्या राजीनाम्याची धार थोडी तरी बोथट होतेच.

जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत येऊन मुंबई पाच वर्षे केंद्राकडे राहील असे जाहीर केले आणि मग देशमुख थांबले नाहीत. २५ जुलै १९५६ ला लोकसभेत त्यांनी राजीनाम्याचे निवेदन केले. महाराष्ट्राचा कंठ दाटून आला तो त्यातल्या मुंबईच्या मुद्द्याने, आणि दिल्लीच्या तख्ताला ताठ मानेने उत्तर देणारा मराठी माणूस हीच प्रतिमा मनामनांत राहिली. या प्रतिमेने एक नुकसान केले, ते असे की निवेदनातले इतर दोन मुद्दे मागे पडले. पहिला, मुंबईचा हा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न येताच पंतप्रधानांनी जाहीर केला. देशाच्या अर्थमंत्र्याला देशाच्या आर्थिक राजधानीचे भवितव्य बाहेरून कळावे ही राज्यघटनेला धरून चाललेली रीत नव्हे, असे त्यांचे म्हणणे. दुसरा मुद्दा मुंबईतल्या गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीचा. ती त्यांनी मागितली होती आणि ती नाकारली गेली. इतकी माणसे पोलिसांच्या गोळ्यांनी मरतात आणि सरकार साधी चौकशी लावत नाही, याचा अर्थ सरकार स्वतःला कुणाला बांधील मानत नाही, असा त्यांचा रोख होता. नेहरूंनी आरोप नाकारले. चौकशी झाली नाही. पुढे द्वैभाषिक आले, १९६० ला महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, आणि जिंकल्याच्या आनंदात त्या मागणीची आठवणही राहिली नाही. मराठी राज्य आल्यावर मराठी सरकारने ती चौकशी लावायला कुणाची हरकत होती? पण गोळीबाराच्या चौकशीची सवय कुठल्याच सरकारला नको असते.

चौकशी लागली तर काय होते, हे उपनगरांनी नंतर पाहिले. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे सकाळी दिसले, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोग नेमला गेला, त्याने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप दिली आणि लगोलग उच्च न्यायालयात त्या शिक्षेला स्थगिती मिळाली. १९९२-९३ च्या दंगलींवरचा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळात आला तो सरकारने फेटाळल्याच्या घोषणेसकट. त्या अहवालात जोगेश्वरी होती, घाटकोपर होते. चिंतामणरावांना वाटत होते की चौकशी हाच मोठा गड आहे. गड घेतल्यावर वर काही सापडत नाही, हा अनुभव नंतरच्या पिढीचा.

त्यांच्या काळात मात्र एक चौकशी अशी झाली की तिच्यावरचा त्यांचा विश्वास दृढ व्हावा. ज्या आयुर्विमा महामंडळाची पायाभरणी त्यांनी केली, त्याने जून १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले, तेही आपल्या गुंतवणूक समितीला न विचारता. फिरोझ गांधींनी डिसेंबरात लोकसभेत ते बाहेर काढले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि त्यांनी चौकशी मुंबईत, लोकांसमक्ष घेतली. गर्दी इतकी की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. मंत्री, सचिव, महामंडळाचे अधिकारी एकेक करून उत्तरे देत होते आणि रस्त्यावरचा माणूस ती ऐकत होता. महिन्याभरात अहवाल आला. सचिवाने केलेल्याची जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागते, असा निष्कर्ष निघाला आणि देशमुखांच्या जागी आलेले टी. टी. कृष्णम्माचारी फेब्रुवारी १९५८ मध्ये पायउतार झाले. महामंडळ काही मोडले नाही. लोकांनी विम्याचे हप्ते भरणे थांबवले नाही. उलट घरचे भांडण अंगणात सुटले की शेजाऱ्यांचा विश्वास वाढतो तसे काहीसे झाले असावे.

देशमुख तेव्हा विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. १९५९ साली एका जाहीर व्याख्यानात त्यांनी मागणी केली की मंत्र्यांच्या आणि वरिष्ठांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करणारे एक स्वतंत्र, कायमचे न्यायमंडळ नेमावे. ते नेमले तर पाच-सहा प्रकरणे आपण स्वतःच त्याच्यापुढे ठेवू, असेही ते म्हणाले. खळबळ उडाली. नावे सांगा, असा आग्रह दिल्लीतून सुरू झाला. त्यांनी नावे वर्तमानपत्रांत दिली नाहीत. नाव घ्यायचे ते जिथे आरोपीला उत्तर देता येते आणि आरोप करणाऱ्यालाही उलट तपासले जाते तिथेच, हा त्यांचा हेका. नेहरूंनी अशा न्यायमंडळाने संशयाचे वातावरण पसरेल म्हणून कल्पना नाकारली. झाले ते असे की नावे सांगितली नाहीत म्हणून देशमुख हवेत गोळ्या झाडतात असे लोक म्हणू लागले, आणि न्यायमंडळ नसल्यामुळे नावे सांगण्याची जागाही राहिली नाही. ही कोंडी त्यांना फोडता आली नाही. त्याच वर्षी त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो शासकीय सेवेबद्दल.

यात एक गोष्ट लक्षात येण्यासारखी आहे. चिंतामणरावांचा सचोटीचा लौकिक असा होता की त्यांच्या शब्दावर कुणीही विश्वास ठेवला असता. पण माझ्यावर विश्वास ठेवा, असे ते कधी म्हणाले नाहीत. गव्हर्नर असताना बँकांच्या वह्या पाहण्याचा कायदा, मंत्री असताना मंत्रिमंडळातली रीत आणि न्यायालयीन चौकशी, मंत्रिपद सुटल्यावर न्यायमंडळ, अशी त्यांची प्रत्येक मागणी व्यवस्थेची होती. आपल्याकडे मात्र उलट चालते. एखादा प्रामाणिक माणूस खुर्चीवर बसला की आपण हिशेब मागायचे विसरतो, आणि तो गेला की दुसऱ्याची वाट पाहत बसतो.

१९६२ मध्ये संथानम समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींतून १९६४ ला केंद्रीय दक्षता आयोग आला, पण मंत्री त्याच्या कक्षेबाहेर राहिले. लोकपाल हा शब्द १९६३ चा. १९६६ साली प्रशासकीय सुधारणा आयोगाने लोकपाल आणि लोकायुक्तांची शिफारस केली. लोकायुक्ताचे पद प्रत्यक्ष सुरू करणारे पहिले राज्य महाराष्ट्र, १९७२ मध्ये. पण त्याच्या हातात शिफारशीपलीकडे फारसे काही दिले नव्हते. केंद्राचा लोकपाल कायदा २०१३ च्या डिसेंबरात संमत झाला आणि पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. देशमुखांच्या व्याख्यानाला तेव्हा साठ वर्षे होत आली होती.

१९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६९ साली स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली आणि १,१२,७६९ मतमूल्य घेऊन गिरी व रेड्डी यांच्या मागे तिसरे राहिले. हे त्यांनी का केले याचे उत्तर आम्हांला पटलेले नाही. पक्षांच्या वर राहिलेल्या माणसाने सत्तरीच्या उंबरठ्यापलीकडे पक्षांच्या डावातले प्यादे व्हायला नको होते. असो.

१९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आले, १९७५ ला पद्मविभूषण मिळाले. अखेरची वर्षे त्यांनी हैदराबादला काढली. दुर्गाबाईंशी त्यांचे लग्न १९५३ साली, मंत्रिपदावर असताना झाले होते. समाजकल्याणाचे त्यांचे काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ ला चिंतामणराव. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, मुलुंडच्या पलीकडच्या ठाण्यात तिथल्या महापालिकेने प्रशासकीय सेवांच्या परीक्षांसाठी संस्था काढली, तिला त्यांचेच नाव आहे. भांडुप-मुलुंडहून तिथे जाणाऱ्या मुलांना रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण हा प्रश्न हमखास तयार करावा लागतो. २५ जुलै १९५६ ला लोकसभेत त्यांनी काय मागितले होते, हा प्रश्न परीक्षेत क्वचितच येत असेल.